कृत्रिम पटल म्हणजे सरसकट रक्तस्नेही नव्हे

डायलायझरमध्ये, म्हणजे डायलिसिसच्या वेळी रक्त शुद्ध करणाऱ्या गाळणीत, वापरल्या जाणाऱ्या पटलांबद्दल ‘सेल्युलोजचे पटल वाईट आणि कृत्रिम पटल चांगले’ असा जो सूर लागतो, तो क्युप्रोफॅन या सेल्युलोजच्या जुन्या पटलापुरता योग्य असला, तरी पुढे तसाच ताणणे मला पटत नाही. क्युप्रोफॅनच्या पृष्ठभागावरील मोकळे हायड्रॉक्सिल गट रक्तातील कॉम्प्लिमेंट यंत्रणा (रोगप्रतिकारक प्रथिनांची साखळी) जागी करतात, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच पांढऱ्या पेशी फुफ्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकून रक्तातील त्यांची संख्या एकदम घसरते. मात्र सेल्युलोज ट्रायॲसिटेटमध्ये हेच गट ॲसिटेटने झाकलेले असल्यामुळे ही प्रतिक्रिया बरीच सौम्य होते. उलट, पॉलिॲक्रिलोनायट्राइलचे एएन ६९ हे पटल पूर्णतः कृत्रिम असूनही त्याच्या ऋण विद्युतभारामुळे ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे रसायन तयार होते, आणि रुग्ण रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर घेत असेल तर त्या ब्रॅडिकायनिनचे विघटन मंदावून तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया येऊ शकते. (औषधांची यादी आधी पाहावी, ती यासाठीच.)

कार्यक्षमतेचे म्हणाल, तर सुमारे ६० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचे एकक) युरिया कोणत्याही पटलातून सहज जातो. खरा फरक सुमारे ११,८०० डाल्टनच्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनापाशी पडतो, आणि तेथे हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांचे, पॉलिसल्फोन हे कृत्रिम पटल सरस ठरते. तरीही २००२ च्या ‘हेमो’ या डायलिसिस रुग्णांवरील चाचणीत हाय-फ्लक्समुळे एकूण मृत्युदरात लक्षणीय घट दिसली नव्हती, त्यामुळे केवळ छिद्रांच्या आकारावरून डायलायझर निवडणे मला घाईचे वाटते.