नक्षीदार स्लॅब सेरिफ : पोस्टरची शान की नुसतं सोंग?

जुळारी
अक्षरांना जाड चौकोनी पाय, पोटात वेलबुट्टी, बाजूला सावली. असले जुने विलायती स्लॅब सेरिफ हल्ली बर्गरच्या गाडीपासून सलूनच्या पाटीपर्यंत कुठेही चिकटवलेले दिसतात. माझं स्पष्ट मत, हे सोंग आहे. स्लॅबच हवा तर क्लॅरेंडन घ्या. लंडनच्या रॉबर्ट बेस्लीने १८४५ मध्ये आणला. नक्षी नाही, पाय दांड्याला गोलाईने मिळतात, मजकुरातला ठळक शब्द म्हणूनही शोभतो. नक्कल रोखणाऱ्या नोंदणीची तीन वर्षं संपताच बाकीच्या फाउंड्र्यांनी, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यांनी, नकला काढल्या, त्या उगाच नाहीत. रोझवूड या नक्षीदार स्लॅब फॉन्टमध्ये तर सगळी कॅपिटलच. त्यात अख्खा मेन्यू छापायचा?

शाईचा डाग
मेन्यूचं मान्य. पण सोंग कसलं? ही अक्षरं जाहिरातीसाठीच जन्मली. मोठा टाइप शिशात ओतला तर महाग आणि वजनाला अफाट. म्हणून न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकूड कोरायला राउटर, म्हणजे फिरत्या पात्याचं यंत्र, लावलं आणि हातभर उंचीचं अक्षर साध्या छापखान्याच्या आवाक्यात आलं. लाकडी टाइप बनवणाऱ्या अमेरिकन विल्यम पेजचा १८७४ चा नमुनाग्रंथ बघा. एकाच अक्षराचे दोन ठोकळे, प्रत्येकाची शाई वेगळी. दोन्ही रंग जिथे एकमेकांवर चढतात तिथे तिसरा रंग फुकटात! ठोकळा केसभर सरकला की कडेला पांढरी फट. हे सोंग वाटतं तुम्हाला?

जुळारी
कारागिरी पेजची, तुमची नव्हे. आजचे लोक रोझवूडचा रेग्युलर (नक्षीचा थर) आणि त्याखालचा फिल (भरीव थर) दोन्ही काळ्यात ठेवतात, की फुलं गुल. व्हिजिटिंग कार्डावर तर नक्षी भरून येते, शाई सांडल्यासारखी.

शाईचा डाग
मग तो वापरणाऱ्याचा दोष. अक्षराला का बडवता?

उकार_वेलांटी
अवांतर: एका गिऱ्हाइकाला नाटकाच्या पोस्टरवर देवनागरीही ‘तशीच’ हवी होती. कान्याच्या तळाला चौकोनी पट्टी लावून पाहिली. वर शिरोरेषा, खाली पट्टी, अक्षर पिंजऱ्यात कोंडल्यागत दिसायला लागलं. शिवाय पहिला उकार त्या पट्टीलाच जाऊन चिकटतो. शेवटी पट्ट्या उडवल्या, दांडा जाड केला आणि नक्षी फक्त दांड्याच्या पोटात ठेवली. मस्त जमलं. म्हणजे नक्षीला माझा विरोध नाही, पायांना आहे.

जुळारी
घ्या! म्हणजे स्लॅबच गेला की.

शाईचा डाग
देवनागरीतून जाऊ दे. इंग्रजी नावाचा एकच शब्द, वीतभर उंच, दोन रंगांत, आणि तारीख-वेळ साध्या टाइपात. एवढं तरी चालेल ना?

जुळारी
वीतभर असेल तर चालेल. लग्नपत्रिकेवर मात्र ही काउबॉयपटाच्या पोस्टरछाप अक्षरं नकोत.