यशवंतराव चव्हाण आजच्या काँग्रेसमध्ये सामावले असते का?

कृष्णाथडी (मूळ प्रश्न)

दरवर्षी 12 मार्चला आणि 25 नोव्हेंबरला कराडच्या प्रीतिसंगमावर निरनिराळ्या पक्षांचे नेते यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला वंदन करायला येतात आणि त्यांतले बहुतेक जण आपणच त्यांचा वारसा चालवत असल्याचे सांगतात. वारसा कोणाचा, हा वाद मला येथे उकरून काढायचा नाही. माझा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. मधली काही वर्षे वगळली तर यशवंतरावांचे सारे आयुष्य काँग्रेसमध्ये गेले आणि 1984 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ते काँग्रेसमध्येच होते. तो पक्ष आजही आहे. त्या पक्षात आज यशवंतरावांना जागा असती का, आणि असती तर ती कोणती?

एक विनंती आहे. त्यांचा सुसंस्कृतपणा, वाचन, साहित्यिकांशी असलेला स्नेह यांविषयी आपण सारेच आदराने बोलतो आणि ते योग्यही आहे. परंतु माणूस सभ्य होता एवढ्यावरून तो आजच्या पक्षात टिकला असता की नसता, हे ठरत नाही. त्यांनी घेतलेले निर्णय, सहकारी निवडण्याची त्यांची रीत आणि दिल्लीशी त्यांचे असलेले संबंध यांच्या आधारे उत्तर द्यावे.

घाटमाथा

माझे उत्तर होकारार्थी आहे. यशवंतरावांच्या स्वभावाचा गाभाच असा होता की पक्षाबाहेर जाऊन काही उभे करता येईल, यावर त्यांचा कधी फारसा विश्वास बसला नाही. तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, पण दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर रॉय काँग्रेसपासून दूर गेले तेव्हा यशवंतराव त्यांच्यामागे गेले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठे मानले आणि त्याची जबर किंमत मोजली. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली आणि ते स्वतः कराडमधून जेमतेम निवडून आले. 1969 मध्ये बंगळूरच्या बैठकीत त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले, आणि तरीही प्रत्यक्ष फूट पडली तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबरच राहिले. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडचे गृहखाते काढून त्यांना अर्थखाते देण्यात आले. तेही त्यांनी स्वीकारले आणि सांभाळले.

टीकाकार त्यांना कुंपणावरचे म्हणत. मला ते अन्यायाचे वाटते, कारण प्रत्येक वेळी त्यांनी अखेर बाजू घेतलेली आहे आणि ती बहुतेक वेळा पक्षाची होती. असा माणूस आजच्या काँग्रेसमध्येही राहिला असता, कार्यसमितीत बसला असता, मतभेद बैठकीत मांडून बाहेर गप्प राहिला असता.

पंचायतवाला

घाटमाथा यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे, परंतु पक्षात राहणे आणि पक्षात सामावणे या दोन गोष्टींत मला अंतर दिसते. यशवंतरावांचे जे काम आजही उभे आहे ते कोणत्या प्रकारच्या पक्षामुळे होऊ शकले, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी मी एकच उदाहरण घेतो, कारण ते मला सर्वांत बोलके वाटते.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायत राज्याविषयी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. महाराष्ट्राने जिल्हा हा मुख्य घटक धरला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आमदार आणि खासदार यांना जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्यत्व दिले गेले नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीच्या योजना यांचा कारभार ज्या सभागृहात चालणार, त्या सभागृहात आमदाराला केवळ आमदार म्हणून खुर्ची नाही, असे स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांना सांगण्याची हिंमत त्या काळच्या नेतृत्वात होती. विधानसभेत बहुमत ज्यांच्या बळावर टिकते त्यांचाच जिल्ह्यातला अधिकार कमी करणारा हा कायदा त्यांच्याच मतांनी संमत झाला. त्यातून गावोगावची नवी माणसे सत्तेच्या जवळ आली, पक्षाला दुसरी फळी मिळाली आणि मुंबईहून जिल्ह्यावर हुकूम चालवण्याची सवय काही काळ तरी मोडली.

आता आजचे पाहा. 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदांची मुदत संपून त्या वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, आणि त्याविरुद्ध कोणत्याही पक्षाने, काँग्रेसनेही, राज्य ढवळून निघेल असे आंदोलन केले नाही. निवेदने निघाली, पत्रकार परिषदा झाल्या, एवढेच. ज्या संस्थेच्या उभारणीत यशवंतरावांनी आपली राजकीय पुंजी ओतली, तिच्याविषयी त्यांच्या पक्षाला एवढीच आस्था उरली असेल, तर ते आज त्या पक्षात कोणाशी बोलले असते? मला याचे मनापासून दुःख होते.

आणखी एक मुद्दा आहे. यशवंतरावांचे ‘बेरजेचे राजकारण’, म्हणजे विरोधकांनाही जोडून घेण्याची रीत, सत्तेच्या आधाराने चालत होते. 1962 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या. 2024 मध्ये त्याच पक्षाला 288 पैकी 16 मिळाल्या. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याने बेरीज कशाच्या बळावर करायची?

घाटमाथा

आपल्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. 1957 नंतरची दोन वर्षे आठवा. मराठी व गुजराती प्रदेश एकत्र असलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्याचे सरकार यशवंतरावांकडे होते, पण महाराष्ट्रात लोक विरोधात गेलेले होते. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेत काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली. ती शांततेने पार पडली, याचे श्रेय समितीच्या नेत्यांइतकेच मुख्यमंत्र्यांनाही द्यावे लागते. लोकांचा राग डोळ्यांदेखत दिसत असताना त्यांनी विरोधकांशी बोलणे थांबवले नाही. कराडच्याच परिसरातले शेतकरी कामगार पक्षाचे यशवंतराव मोहिते पुढे काँग्रेसमध्ये आले आणि मंत्री झाले. हे राज्य मराठ्यांचे की मराठी माणसांचे, असे संपादक-साहित्यिक माडखोलकरांनी विचारले तेव्हा ते मराठी माणसांचे होईल अशी ग्वाही चव्हाणांनी दिली, आणि बौद्ध झालेल्या दलितांच्या सवलती राज्यात चालू ठेवण्याचा निर्णयही त्यांच्याच सरकारचा. म्हणजे बेरीज केवळ पदे वाटून होत नव्हती. समोरच्याला आपले म्हणणे येथे ऐकले जाईल असे वाटत होते. हे आज सोळा जागांवरही करता येते, आणि आजच्या पक्षाला त्याचीच गरज आहे.

टिळकरस्ता

दोन्ही मतांत यशवंतरावांच्या उत्तरायुष्याचा उल्लेख अपुरा राहिला आहे. 1967 नंतर आमदारांची पळवापळवी सुरू झाली तेव्हा लोकसभेच्या ठरावानुसार पक्षांतराविषयी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष गृहमंत्री या नात्याने यशवंतरावच होते. पक्षांतर करणाऱ्या 210 आमदारांपैकी 116 जणांना मंत्रिपदे मिळाली, हे त्या समितीने नोंदवले. पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नये आणि मंत्रिमंडळांचा आकार मर्यादित ठेवावा, असा विचार तिने मांडला. मंत्रिमंडळावरची पंधरा टक्क्यांची मर्यादा प्रत्यक्षात यायला 2003 ची घटनादुरुस्ती उजाडावी लागली.

तेच यशवंतराव काँग्रेसच्या 1978 च्या फुटीत इंदिरा गांधींच्या विरोधी गटात राहिले. 1979 च्या जुलैत विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि नंतर चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान झाले; त्या सरकारला लोकसभेला सामोरे जाण्याची वेळच आली नाही. 1980 मध्ये ते साताऱ्यातून देवराज अर्स यांच्या गटाच्या काँग्रेस (अर्स) तर्फे निवडून आले, पण महाराष्ट्रात त्या पक्षाची ती एकमेव जागा होती. त्यानंतर ते स्वगृही, म्हणजे इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये, परतले. त्यांचा मोठेपणा मान्य करूनही हा काळ झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

कृष्णाथडी

टिळकरस्ता यांनी ज्या परतीचा उल्लेख केला, तिच्यातच मला माझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते. परत आलेल्या यशवंतरावांना मंत्रिपद मिळाले नाही. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. त्याच सुमारास महाराष्ट्रात अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले आणि गेले, मग वसंतदादा आले. मुख्यमंत्री कोण, हे दिल्लीत ठरू लागले होते. ज्यांनी हे राज्य आणि त्यातला हा पक्ष बांधला, ते त्या निर्णयांच्या कडेला उभे होते. पंचायतवाला ज्या अंतराविषयी लिहितात ते, माझ्या मते, यशवंतराव हयात असतानाच पडलेले होते. आजच्या पक्षात ते राहिले असते, हे घाटमाथा यांचे म्हणणे मी मान्य करतो. फक्त त्यांची जागा 1982 मध्ये होती त्याहून वेगळी असती, असे मानायला मला आधार सापडत नाही.