आतड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून, गाठ पूर्ण निघते का?

सावली२: बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून करू. झोप उडालीये माझी, एवढ्याशा भोकांतून सगळं निघतं का, काही मागे राहिलं तर??

जुनापेशंट: अगं ही भीती सुरुवातीला सर्जन लोकांनाही होती. १९९१ च्या आसपास आतड्याची अशी ऑपरेशनं सुरू झाली आणि मग काही पेशंटना भोकांच्या जागीच कॅन्सर परत आला, त्यामुळे बरेच जण बिचकले. २००४ मध्ये ८७२ पेशंटच्या अभ्यासाचा रिझल्ट आला, ३ वर्षांनी कॅन्सर परत यायचं प्रमाण दुर्बिणीतून आणि पोट उघडून अशा दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच. आणि गाठ भोकातून ओढत नाहीत, शेवटी एक छोटा छेद घेऊन, जखमेच्या कडांना प्लास्टिकचं कव्हर लावून बाहेर काढतात. त्याच अभ्यासात साधारण ५ पैकी एकाचं पोट मधेच उघडावं लागलं होतं, तसं झालं तर घाबरू नका, तो सेफ्टीसाठी घेतलेला निर्णय असतो.

मीरा_के: माझं झालंय. टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखला! पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात ना, त्याने छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि कळ खांद्यात येते. दुसऱ्या दिवशी नर्सने धरून चालवलं, हळूहळू उतरलं. सर्जनने अशी किती ऑपरेशनं केलीत ते मात्र नक्की विचार, मी विचारलं होतं.

सावली२: खांद्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, बाबांना आत्ताच सांगते. खूप आधार वाटला 🙏