मोठा घाव की नेम? फाइटर, लेव्हल 5

वीसचा_फासा (दर्यापूर तालुका)
राजेहो, एक हिशोब सोडवून द्या. डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रे खेळवायचा खेळ) पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. फाइटर (लढवय्या पात्र) लेव्हल 5, स्ट्रेंथ 18, हातात ग्रेटसोर्ड, फीट (खास कौशल्य) ग्रेट वेपन मास्टर. अ‍ॅटॅक बोनस 7, डॅमेज सहा बाजूंचे 2 फासे अधिक 4. या फीटने खेळाडू दर वेळी नेमावर उणे 5 घेऊन डॅमेजवर 10 चढवतो (हाच मोठा घाव) अन् निम्मे घाव हवेत जातात. बाकीचे म्हणतात, फीटच वाया गेली. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) गाविलगडावर गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर हे राक्षस बसवले आहेत. कोणावर मोठा घाव, कोणावर साधा?
एक अजून. इकडे वीस बाजूंचा फासा मिळत नाही, म्हणून बिस्किटाच्या डब्यात 1 ते 20 च्या चिठ्ठ्या टाकून काढतो. त्याने फरक पडतो का?

मेळघाटी_बुटका
भाऊ, आधी सूत्र घ्या. 16 मध्ये अ‍ॅटॅक बोनस मिळवा, त्यातून साध्या घावाच्या सरासरी डॅमेजचा अर्धा वजा करा. शत्रूचा आर्मर क्लास (एसी, म्हणजे घाव लागायला वीसचा फासा अधिक बोनसने गाठायचा आकडा) त्या आकड्याच्या खाली असेल तर मोठा घाव फायद्याचा.
तुमच्या फाइटरची सरासरी 7 अधिक 4, म्हणजे 11. 16 + 7 − 5.5 = 17.5. एसी 17 पर्यंत मोठा घाव, 18 पासून साधा. पडताळून पाहा: एसी 17 वर साधा घाव 55 टक्के लागतो, दर घावाला सरासरी 6.05. मोठा 30 टक्के, पण लागला तर 21, म्हणजे 6.3. एसी 18 वर 5.5 विरुद्ध 5.25. क्रिटिकलमध्ये (फाशावर 20 पडला की) फक्त डॅमेजचे फासे दुप्पट होतात, वरचे 10 होत नाहीत, म्हणून तो भाग दोन्हीकडे सारखाच.
अ‍ॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणे) मिळाला की चित्र पालटते. एसी 18 वरच साधा 8.25, मोठा 9.19. म्हणून आधी कोणाला तरी शत्रूला खाली पाडू द्या, मग जवळ जाऊन मोठा घाव घाला. क्लेरिकचा (पुजारी पात्राचा) ब्लेस मंत्र असेल तर त्यातल्या चार बाजूंच्या फाशाचे सरासरी 2.5 बोनसमध्ये धरा, मर्यादा 17.5 वरून 20 वर जाते.
मोठा घाव घालणार हे फासा पडण्याआधीच सांगायचे असते. पडलेला आकडा पाहून ठरवू देऊ नका.

पऱ्हाटी_ऑर्क
बुटकेभाऊचं सूत्र बरोबर हाय, पण ते सरासरीचं हाय. मरनाऱ्याचे हिट पॉइंट (किती डॅमेजनं मरते तो आकडा) ते पाहत नाई.
गॉब्लिन घ्या. एसी 15, हिट पॉइंट 7. सूत्र म्हनते मोठा घाव. पण साधा घाव कमीत कमी 6 देते, 36 मधून 35 वेळा 7 किंवा त्याच्या वर जाते. मंग 65 टक्के नेम सोडून 40 टक्क्यांवर कायले जायचं? सात पॉइंटच्या जीवाले 21 चा घाव, बाकीचे 14 मातीत. वरून याच फीटमध्ये शत्रू मेला की बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) अजून एक घाव भेटते, म्हनजे साध्या घावानं मारत गेलं तर घावावर घाव.
हॉबगॉब्लिन एसी 18, पॉइंट 11. क्रिटिकलचे जास्तीचे फासे सोडले तर एका साध्या घावात मरायची शक्यता 29 टक्के, मोठ्यात 25. साधाच.
खरी गंमत बगबेअरमध्ये. एसी 16, पॉइंट 27. सरासरीनं मोठा जिंकते, 7.35 विरुद्ध 6.6. पण मोठा घाव जास्तीत जास्त 26 देते, क्रिटिकल सोडलं तर एकानं मरतच नाई! दोन लागतात, अन् 35 टक्क्यानं दोन लागायले पावनेसहा वार. साधे तीन लागतात, 60 टक्क्यानं पाच वार. सगळ्यात सस्ता रस्ता मधला: पहिला घाव साधा, तो लागला की दुसरा मोठा. साडेचारच्या आसपास वारात काम होते.

वीसचा_फासा
पण हिट पॉइंट खेळाडूला कुठे माहीत असतात? एसीही डीएमच्या पडद्यामागेच.

पऱ्हाटी_ऑर्क
एसी वहीत घेरून काढा. एकूण 17 लागला, 14 हुकला, म्हनजे 15 ते 17 मध्ये. दोन फेऱ्यांत कळते. पॉइंटसाठी डीएमले इचारा, "अर्धा झाला का?" चांगला डीएम तेवढं सांगते.
अन् चिठ्ठीबद्दल: काढली की परत डब्यात टाका, डबा हालवा. नाई टाकली अन् 3, 5, 8 निघून गेले, तर उरलेल्यांत मोठे आकडे जास्त. हुशार खेळाडू मोजत बसते अन् बरोबर तेव्हाच मोठा घाव मागते. अ‍ॅडव्हांटेजलेही दोन चिठ्ठ्या एकदम काढू नका. पहिली परत टाकून दुसरी. लुडोचे तीन फासे जोडून बेरीज तर बिलकुल नाई, मधलेच आकडे येत राहतात अन् टक्क्यांचा सारा हिशोब बिघडते.

गोंडवन_वाट
दोन गोष्टी जोडतो. 2024 च्या नव्या नियमांत या फीटमधला उणे 5 काढून टाकला. जड शस्त्राने आपल्या पाळीला अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्ये घाव लागला की प्रोफिशिएन्सी बोनसएवढे (लेव्हलसोबत वाढणारा बोनस) जास्तीचे डॅमेज, बस्स. तिथे हा प्रश्नच उरत नाही (मला जुनाच आवडतो, निर्णय तरी घ्यावा लागायचा).
पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीकडे वळलात तर हे सूत्र सोबत नेऊ नका. तिथे एसीपेक्षा 10 ने जास्त आले की क्रिटिकल, डॅमेज दुप्पट. त्यामुळे बोनसमधला 1 बहुतेक वेळा लागण्याची शक्यताही 5 टक्के वाढवतो अन् क्रिटिकलचीही. नेम तिथे डॅमेजपेक्षा महाग. एकाच पाळीत दुसऱ्या वाराला उणे 5, तिसऱ्याला उणे 10, म्हणून तिसरा वार करण्यापेक्षा शत्रूला घाबरवा किंवा बाजूला सरका.