मदत हवी आहे: जर्मनीत मुलाचा स्कीकोर्स आणि जिमची फी टॅक्समध्ये दाखवता येते का?

नमस्कार मंडळी,

आम्ही म्युनिकला राहतो. दोघंही नोकरीला, मुलगा आठ वर्षांचा. २०२५ चं रिटर्न एल्स्टरवर, म्हणजे टॅक्स खात्याच्या पोर्टलवर, भरायला घेतलंय आणि खेळ-व्यायामाच्या बिलांपाशी गाडी अडलीय. ऑफिसातले लोक एक सांगतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरंच ऐकायला मिळतं.

मुख्य प्रश्न स्कीकोर्सचा. फाशिंगला, म्हणजे कार्निव्हलच्या वेळी, इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. आम्हा दोघांनाही रजा मिळत नव्हती, म्हणून मुलाला जवळच्या डोंगरातल्या लेंगग्रीस गावी स्कीकोर्सला घातलं. सकाळी बसने न्यायचे, संध्याकाळी आणून सोडायचे. बिलावर एकच ओळ आहे: मुलांचा स्कीकोर्स, बस, जेवण आणि देखरेखीसह. खाली एकच रक्कम. त्याला स्की यावं असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण पुढे शाळेचं स्कीलागर (स्कीचं शिबिर) असतं आणि वर्गातली बरीच मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर असतात. पण खरं कारण पोराला दिवसभर सांभाळायला कुणी नव्हतं, हेच. मग हा खर्च किंडरबेट्रॉयुंगमध्ये, म्हणजे मुलांच्या सांभाळाच्या खर्चात बसेल का?

दुसरं म्हणजे माझा गुडघा. लिगामेंटच्या दुखापतीनंतर फिजिओथेरपी झाली, आता ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणतात जिम लावा. तसं पत्रही त्यांनी दिलंय. ही फी वैद्यकीय खर्चात धरतात का?

आणि नवरा शनिवारी फेराइनमध्ये (क्रीडामंडळात) मुलांना बॅडमिंटन शिकवतो, त्याचं थोडं मानधन मिळतं. त्यावर टॅक्स लागेल का? फेराइनची वर्गणीही आम्ही भरतो, ती देणगी म्हणून दाखवता येईल का?

जाणकारांनी कृपया सांगावं. श्टॉयरबेराटरकडे (टॅक्स सल्लागाराकडे) जाण्याइतकी मोठी रक्कम नाही, पण हक्काचं असेल ते सोडायचंही नाही.

प्रतिसाद

ताई, सांभाळाच्या खर्चाचा नियम २०२५ पासून चांगला झालाय. मूल १४ वर्षांच्या आतलं असेल तर खर्चाच्या ८० टक्के, प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त ४८०० युरो. आधी दोन तृतीयांश आणि ४००० होते. पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की शिकवणी, विशेष कौशल्यं शिकवणं, खेळ आणि इतर छंद यांचा खर्च यात धरायचा नाही. त्यामुळे स्की शिकवण्याचे पैसे बाद. पोहण्याचा क्लास, फुटबॉल, पियानो, सगळ्यांना हेच लागू. तुम्हाला रजा नव्हती हे कितीही खरं असलं तरी बिल शिकवण्याचं असेल तर फायनान्सआम्ट (टॅक्स कार्यालय) तेवढंच बघतं.

मात्र आशा पूर्ण सोडू नका. शाळेनंतरच्या सांभाळाबद्दल अर्थमंत्रालयाचं परिपत्रक आहे: फीमध्ये सांभाळ, कोर्स आणि जेवण एकत्र असेल तर सांभाळाचा भाग तेवढा धरता येतो, पण रकमा वेगवेगळ्या फोडून दाखवलेल्या हव्यात. जेवण कधीच धरत नाहीत. तेव्हा स्कीस्कूलला मेल करा आणि देखरेखीची रक्कम खरोखर वेगळी आकारली असेल तर तसं सुधारित बिल मागा. दुपारी कोर्स संपल्यावर बस येईपर्यंत मुलांना सांभाळतात, त्याची रक्कम वेगळी दाखवली तर मी ती अनलागे किंडमध्ये, म्हणजे रिटर्नच्या मुलांसाठीच्या फॉर्ममध्ये, टाकेन. पैसे बँकेतून गेलेले हवेत, रोख चालत नाही. आणि सुट्टीत होर्टला (शाळकरी मुलांच्या पाळणाघरात) किंवा कुणा बाईंकडे मुलाला ठेवलं असेल तर ते नक्की लिहा, खरी वजावट तिथे मिळते.

प्रतिसाद

जिमबद्दल लिहितो, कारण माझ्या आईच्या पाठीच्या निमित्ताने हे सगळं वाचून काढलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये म्युनिकच्याच बुंडेसफिनांत्सहोफने, म्हणजे टॅक्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, याच विषयावर निकाल दिलाय. एका बाईंना डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम लिहून दिले होते. ते ज्या फिटनेस स्टुडिओत व्हायचे तिथलं सभासदत्व घेणं भाग होतं. तरी कोर्टाने सभासदत्वाची फी नाकारली. ती घेतली की स्टुडिओतल्या बाकीच्या सोयीही वापरता येतात, ज्या निरोगी माणसंही वापरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तुमच्याकडे डॉक्टरांचं पत्र असूनही जिमची फी मिळणार नाही.

फिजिओथेरपीचे तुमच्या खिशातून गेलेले पैसे मात्र लिहा. सरकारी विमा असेल तर प्रत्येक चिठ्ठीमागे १० युरो आणि वर खर्चाच्या १० टक्के आपण भरतो. औषधं, चष्मा, दातांचं काम हेही त्यातच. पण वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या वर गेला तरच त्याचा उपयोग होतो. एकदोन मुलं असलेल्यांना ही पायरी उत्पन्नाप्रमाणे २ ते ४ टक्के पडते. दोघांचे पगार असतील तर एका वर्षात ती ओलांडणं कठीण जातं. म्हणून दाताचं मोठं काम आणि चष्मा शक्यतो एकाच वर्षात करावा, असं मी सगळ्यांना सांगतो.

त्यापेक्षा कंपनीला विचारा. प्रमाणित पाठीचे किंवा योगाचे कोर्स कंपनीने दिले तर वर्षाला ६०० युरोंपर्यंत टॅक्स लागत नाही. जिमची नेहमीची फी त्यात येत नाही, पण महिन्याला ५० युरोंपर्यंतच्या वस्तू-सेवांची जी सूट आहे, तिच्यात फिटनेस कार्ड बसवणाऱ्या कंपन्या आहेत. ५० च्या वर थोडंही गेलं की पूर्ण रकमेवर टॅक्स लागतो, एवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! स्कीस्कूलला आजच मेल टाकलाय. जिमचं वाचून वाईट वाटलं. गुडघा बरा राहावा म्हणूनच जाते हो, सॉना बघितलासुद्धा नाही. बॅडमिंटनचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद

ते सोपं आहे. फेराइन सार्वजनिक हिताचं म्हणून मान्यता असलेलं असेल आणि शिकवणं नोकरी सांभाळून होत असेल, तर युबुंग्सलायटरची, म्हणजे प्रशिक्षकांसाठीची, सूट मिळते. २०२५ साठी वर्षाला ३००० युरोंपर्यंत टॅक्स नाही. रिटर्नमध्ये मानधन लिहायचं आणि सूटही मागायची, लपवायचं काही नाही. फेराइनकडून वर्षभराचं पत्रक घ्या. खाजगी स्कीस्कूलमध्ये शिकवणाऱ्यांना ही सूट नाही, हे इथल्या हौशी स्कीयरांसाठी सांगून ठेवतो.

खेळाच्या फेराइनची वर्गणी देणगीत चालत नाही. वर्गणीव्यतिरिक्त स्वखुशीने दिलेली देणगी चालते आणि ३०० युरोंपर्यंत बँकेची नोंद पुरते. तुम्ही स्वतः भरताय म्हणजे मुदत ३१ जुलै २०२६. स्कीस्कूलचं उत्तर तोवर आलं नाही तर ती ओळ सोडून बाकीचं वेळेत पाठवा. निर्णयाचं पत्र आल्यावर एका महिन्यात हरकत घेता येते, तेव्हा फोडलेलं बिल जोडून द्या.