पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम: नॉर्मन स्मिथने तारला की बोथट केला?

रात्रपाळी

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की आपल्याकडे 'डार्क साइड' आणि 'वॉल' हे नंतरचे अल्बम, बासवाला वॉटर्स आणि गिटारवाला गिल्मोर. 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' (ऑगस्ट १९६७) चं नाव निघालं तर लोक "हो, तो सुरुवातीचा ना" म्हणून पुढे सरकतात. गिल्मोर तेव्हा बँडमध्ये आलेलाच नव्हता. अकरापैकी आठ गाणी एकट्या सिड बॅरेटची, म्हणजे तेव्हाच्या गायक-गिटारवाल्याची, आणि पठ्ठ्याचं वय २१.

ज्यांनी ऐकलाय त्यांचंही एक ठरलेलं रडगाणं असतं. लंडनच्या यूएफओ क्लबात हे लोक एकेक रचना मनसोक्त ताणायचे, प्रकाशाचे थेंब भिंतीवर नाचायचे, वगैरे वगैरे. मग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने नॉर्मन स्मिथ नावाचा जुन्या वळणाचा प्रोड्युसर गळ्यात बांधला आणि त्याने सगळं तीन-तीन मिनिटांत कोंबलं.

मला हे अजिबात पटत नाही. स्मिथने कात्री चालवली म्हणूनच बॅरेट कवी म्हणून ऐकू येतो. शेवटचं 'बाइक' घ्या. ओळी लांब-आखूड आहेत, बॅरेट मात्रा मोजत बसत नाही, शब्द संपले की ओळ संपली. आपल्या ग्रंथातली ओवी कशी अक्षरं वाढली तरी बिनदिक्कत चालत राहते, तसं. दोन मिनिटांच्या आत गाणं उरकतं आणि मग एका खोलीत शिरल्यासारखे आवाज: घड्याळं, घंटा, चाकं, आणि शेवटी बदकांच्या कलकलाटासारखं काहीतरी, गोल गोल फिरणारं. बाळगाण्यातून थेट भीतीत. क्लबच्या गोंगाटात यातलं काय ऐकू आलं असतं?

कॅसेटयुग

लेखन छान, पण वकिली चुकीच्या अशिलाची. जानेवारी १९६७ मध्ये, म्हणजे ईएमआयच्या आधी, याच लोकांनी साउंड टेक्निक्स स्टुडिओत 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' वाजवलं होतं, पीटर व्हाइटहेडच्या लंडनवरच्या फिल्मसाठी. जवळजवळ १७ मिनिटं. ते ऐका आणि मग अल्बमवरचं पावणेदहा मिनिटांचं ऐका. पहिल्यात चार माणसं एकमेकांना चाचपडत कुठेतरी जातायत. दुसऱ्यात कुठे जायचं ते आधीच ठरलंय.

आणि "कवी म्हणून ऐकू येतो" काय? बॅरेटची खरी कमाल गिटारमध्ये आहे. झिप्पो लायटर तारांवर घासायचा, आवाज बिन्सन इकोरेक या प्रतिध्वनीच्या यंत्रातून फिरवायचा. आरशाच्या गोल चकत्या चिकटवलेली ती एस्क्वायर गिटार. या माणसाला मोकळं सोडायचं की तीन मिनिटांत बसवायचं?

रात्रपाळी

ती १७ मिनिटं ऐकलीयेत. पहिली पाच जबरदस्त, मधला भाग रेंगाळतो, आणि चित्र समोर नसेल तर जास्तच. अल्बमवरच्यात तर एक टेक वाजवून त्याच्यावर अख्ख्या बँडने दुसरा टेक चढवलाय. ती दाटी क्लबात येणं शक्यच नव्हतं, ती स्टुडिओचीच करणी.

अण्णा_ठाकुर्ली

दोघंही स्मिथला एकाच साच्यात घालताय. हा माणूस १९६५ च्या 'रबर सोल' पर्यंत बीटल्सचा इंजिनिअर होता. पायपरचं रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा त्याच इमारतीत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते, आणि मार्चमध्ये फ्लॉइडची मंडळी त्यांना भेटायला गेलीही होती. पुढे याच स्मिथने प्रिटी थिंग्ज या बँडचा 'एस. एफ. सॉरो' हा अल्बम केला, १९६८. आणि फ्लॉइडच्या दुसऱ्या अल्बमवरची जवळजवळ बारा मिनिटांची शीर्षकरचना? प्रोड्युसर तोच. त्याच अल्बमवर 'रिमेंबर अ डे' चे ड्रम बँडचा ड्रमर मेसनला जमेनात तेव्हा हा स्वतः बसला वाजवायला. तेव्हा त्याला लांब रचनांचा शत्रू ठरवू नका, आणि कात्रीवाला तारणहारही करू नका.

रात्रपाळी, तुमची ओवीची उपमा गोड आहे, पण ओवीला शेवटी यमक लगाम घालतं. 'बाइक' ला लगाम मेसनच्या ड्रम्सचा आहे. त्या बिचाऱ्याचं नाव कुणीच घेत नाही.

मुक्ता_एन

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. पायपरचं कौतुक नव्वद टक्के वेळा बॅरेटच्या आजाराचं कौतुक असतं. "एलएसडी घेतलं, वेडा झाला, म्हणून एवढं अफाट लिहिलं." अरे, उलटं आहे! अल्बमचं बहुतेक काम फेब्रुवारी ते मे १९६७ चं, आणि ती गाणी नीट बांधलेली आहेत. 'मटिल्डा मदर' मध्ये आधी हिलेअर बेलॉकच्या बालकविता होत्या, परवानगी मिळाली नाही म्हणून बॅरेटने स्वतःचे शब्द लिहून बसवले. हे शुद्धीवर असलेल्या, कामाला बसलेल्या माणसाचं लक्षण आहे. तब्येत बिघडत गेली तसं लिहिणं आटलं. १९६८ च्या एप्रिलपर्यंत तो बँडबाहेर, नंतर दोन सोलो अल्बम, आणि मग केंब्रिजमध्ये चित्रं, बाग. २००६ मध्ये गेला. "वेडा हिरा" हे लेबल इतरांनी चिकटवलंय.

म्हणून मला रात्रपाळींचा मुद्दा पटतो, फक्त श्रेय स्मिथला देऊ नका. बांधणी बॅरेटचीच.

कॅसेटयुग

मुक्ताताई, आजाराबद्दल एकदम मान्य. पण मग माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? शुद्धीवरचा बॅरेट स्टेजवर लांबलचक वाजवत होता, तेही बांधूनच. ती बांधणी रेकॉर्डवर आलीच नाही. 'ॲस्ट्रोनॉमी डॉमिने' च्या सुरुवातीला मॅनेजर पीटर जेनर भोंग्यातून ग्रहांची नावं वाचतो, रोमांच येतात, आता हे उडणार असं वाटतं, आणि चार मिनिटांच्या आसपास खेळ खलास.

मुक्ता_एन

चार मिनिटांत उडून खाली येतं ते! अजून किती हवंय?

खर्जातला सा

स्मिथला शिव्या घालताय, पण खरे खाटीक अमेरिकेत होते. टॉवर या तिथल्या रेकॉर्ड लेबलने तिकडच्या आवृत्तीतून 'ॲस्ट्रोनॉमी डॉमिने', 'फ्लेमिंग' आणि 'बाइक' तिन्ही काढली आणि वर 'सी एमिली प्ले' चिकटवलं. म्हणजे ज्यावर इथे भांडण चाललंय ती दोन्ही टोकं गायब! तिकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं हाच अल्बम म्हणून ऐकला.

दुसरं, तुम्ही कोणतं मिक्स ऐकताय? त्या काळी मंडळींचं लक्ष मोनोवर असायचं, स्टिरिओ मागाहून उरकायचे. पायपरच्या स्टिरिओत 'इंटरस्टेलर' च्या शेवटी आवाज डावीकडून उजवीकडे असा फेकतात की हेडफोनवर गरगरतं. मोनोत तीच गिटार छातीवर बसते. २००७ च्या चाळीस वर्षांच्या संचात दोन्ही मिळतात. स्मिथ बोथट वाटत असेल तर आधी मोनो ऐका, कॅसेटयुग.

कॅसेटयुग

ऐकलं. काल रात्री परत ऐकलं. 'ल्यूसिफर सॅम' ची गिटार मोनोत खरंच चावते, एवढं देतो तुम्हाला. मांजरावरचं गाणं इतकं हेरगिरीच्या सिनेमासारखं वाजतं, मजा आली. पण 'इंटरस्टेलर' बद्दल मत तेच. मला ते १७ मिनिटांचंच हवं.

अण्णा_ठाकुर्ली

बँडच्या कीबोर्डवाल्या रिक राइटचं फारफिसा ऑर्गन कुणाच्याच तोंडी नाही. 'मटिल्डा मदर' मधलं सोलो ऐका, पूर्वेकडची सुरावट वाटते. सतार न आणता. १९६७ मध्ये लंडनमधला प्रत्येक बँड सतारीच्या मागे लागलेला असताना हे विशेष. आणि कडवी गातोयही राइटच. मेसन तर २०१८ पासून स्वतःचा बँड घेऊन ही जुनी गाणी वाजवत फिरला, म्हणजे या रेकॉर्डचं मोल त्याला तरी कळलंय.

रात्रपाळी

राइटचं मी लिहायला हवं होतं, अण्णा, धन्यवाद. स्मिथवर मात्र मी ठाम. मुक्ता म्हणतात तशी बांधणी बॅरेटची, पण गाणाऱ्याचा आवाज पुढे ठेवून वाद्यं मागे ढकलणारा कुणीतरी काचेपलीकडे बसलेला होता.

वॉटर्सचं 'टेक अप दाय स्टेथोस्कोप अँड वॉक' एवढं एक टाकाऊ आहे, यावर तरी एकमत?

कॅसेटयुग

शंभर टक्के.

मुक्ता_एन

+१. त्याला अजून लिहिता येत नव्हतं.

खर्जातला सा

मला आवडतं. मधला गिटार-ऑर्गनचा धिंगाणा पूर्ण ऐका, शब्दांकडे कान बंद करून.

कॅसेटयुग

म्हणजे तुम्हालाही लांब वाजवलेलंच आवडतं!