रोंगेलापच्या मुलांना थायरॉइडच्या गाठी इतक्या उशिरा का?

गौरी: १ मार्च १९५४ च्या ब्राव्हो या अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांपैकी रोंगेलापवर पडली. त्यातल्या किरणोत्सारी आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरायला लागणारा काळ, जेमतेम ८ दिवस, मग गाठी सुमारे दहा वर्षांनी कशा दिसल्या? आणि १९५७ मध्ये परतलेल्या लोकांनी १९८५ मध्ये पुन्हा बेट का सोडलं?

सुहास: थायरॉइड ग्रंथीत साठलेलं आयोडीन जातं, इजा राहते, आणि तिच्यातून गाठ वाढायला वर्षं लागतात. राख म्हणजे भाजलेल्या प्रवाळाची पांढरी भुकटी. लोकांना हलवायला दोन दिवस गेले, तोवर ती पिण्याच्या पाण्यात, जेवणात, केसांत शिरली होती. मुलांची ग्रंथी लहान, त्यामुळे दर ग्रॅममागे किरणोत्साराची मात्रा जास्त. शिवाय आयोडीन-१३३ आणि १३५ हेही होते. नुसतं १३१ धरलं तर हिशेब कमी निघतो, आणि ही चूक सर्रास होते.

मेधा: बेट पुन्हा का सोडलं, याचं उत्तर राखेतलंच किरणोत्सारी सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षं. प्रवाळी मातीत पोटॅशियम अगदी कमी, म्हणून नारळ, केतकी, नीरफणस त्याच्या जागी सीझियम उचलतात. कॅल्शियम मुबलक असल्याने स्ट्रॉन्शियम-९० हा दुसरा किरणोत्सारी घटक मात्र झाडांत कमी शिरतो.

गौरी: माती खरवडली तर?

मेधा: सगळीकडे खरवडली तर सुपीक थरच जातो, झाडं जगत नाहीत. चाचणी जिथे झाली त्या बिकिनी बेटावरच्या प्रयोगांवरून ठरलेली पद्धत अशी: फक्त घरांभोवतीची माती काढून स्वच्छ प्रवाळखडी पसरायची, बागेत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपलं पोटॅश, टाकायचं. नारळातलं सीझियम सुमारे एक दशांशावर येतं. मातीतलं मात्र तिथेच राहतं, म्हणून फळांची आणि माणसांच्या शरीरातल्या सीझियमची मोजणी चालू ठेवावीच लागते.